मास्तरांचा रिकामा गडवा

दादाने मागे कोपरं हाणून मास्तरांचं नाक फोडलं, तरी मास्तरांनी त्याची कंबर सोडली नाही. दोघं पेवाच्या तोंडाशी पडले होते. दादाचे पाय आत लोंबकळत होते. मास्तर मागून त्याला मिठी मारून, मुरमात टाचा रोवून बसले होते. त्यांचा चष्मा कुठल्या कुठे उडाला होता. खाली पेवात माझा बाप पडला होता आणि हाकेला ओ देत नव्हता.

"सोडा मले! बा मरून राह्यला खाली!"

"तू गेला तं तू बी पडशीन! मंग तुले कोण काढीन? मी काढीन? का हे सारे?"

हे सारे म्हणजे भोवती उभी असलेली माणसं. त्यांतला एकही जण दादाला धरत नव्हता आणि मास्तरांना सोडवतही नव्हता. मी शाळेतून मास्तरांच्या मागे धावत आले होते. मी तिसरीत होते.

पेवं आता राहिली नाहीत, म्हणून सांगते. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच, आणि आत पोट एखाद्या खोलीएवढं रुंद. ज्वारी भरायची, तोंडावर फरशी टाकायची, मातीने लिंपायचं. वर्षानुवर्षं ज्वारी तशी राहते. वास मारते, पण राहते. आमच्या गावात पेव एकाचंच होतं, मालकाचं. अर्धं गाव त्याच्याकडे कामाला होतं आणि शाळा भरायची तीही त्याच्याच जुन्या गोठ्यात. पेव गोठ्याच्या मागे, मुरमाच्या उंचवट्यावर होतं.

मास्तर आमचे गुरुजी होते. सगळंच शिकवत, पण त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर असे. वस्तू हलते काहून, थांबते काहून, आणि जागा कोण अडवतं. बाकीचे विषय ते उरकून टाकत. कविता तर अशी म्हणत की जणू कोणी मागे लागलं आहे. पोरांना ते वेडे वाटायचे. मोठ्यांनाही वाटायचे. मला आजही वाटतात.

आमचं गाव बोरी अरबच्या बाजारवाटेवर. मास्तर वणीकडून आले. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि एक पितळेचा गडवा. पाणी प्यायचा तो साधा गडवा. पुढे त्या गडव्याची गावात जेवढी चर्चा झाली तेवढी मालकाच्या घरच्या भांडणांचीही झाली नसेल.

आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर गोठ्यातली एक फळी काढली, तिच्या मधोमध खाली दगड ठेवला आणि सगळ्या पोरांना जोडीजोडीने त्या फळीवर बसवलं. जे टोक खाली गेलं ते जड. मग जड पोरं मागे बसवली, हलकी पुढे. त्या वेळी आम्हाला बौद्ध होऊन थोडीच वर्षं झाली होती. घरातले देव गेले होते, पण शाळेत आमची पोरं दाराशी पोत्यावर बसायची ते तसंच होतं. फळीने ते सगळं उलटंपालटं केलं. मी काडीसारखी होते, मला पहिल्या रांगेत जागा मिळाली. माझ्या शेजारी मालकाच्या दिवाणजीची पोरगी आली. ती तापाने झिजलेली होती. मालकाचा पुतण्या मागच्या भिंतीला गेला.

दिवाणजी विचारायला आले. "मास्तर, हे काय लावलं तुम्ही?"

"वजन लावलं."

"मालक इचारून राह्यले, आमचं पोट्टं मागं काहून?"

"जड आहे म्हणून. मालकाले पटत नसन तं त्यायलेच पाठवा, फळीवर बसवून दाखवतो."

मालक आले नाहीत. आता कोणी म्हणेल की मास्तर मोठे सुधारक होते. नव्हते. त्यांना रोज कोणाला तरी फळीवर बसवायचं असायचं, आणि जड-हलकं पोर शोधत फिरायचा त्यांना कंटाळा होता. आम्हाला पुढे जागा मिळाली ती त्या कंटाळ्यातून. मिळाली ते खरं.

त्यांना "पडलं" हा शब्द चालत नसे. पाटी पडली म्हटलं की मास्तर म्हणणार, "कोणी ढकललं?" कोणी नाही म्हटलं, तर "मंग कोणी ओढलं?" आम्ही जमिनीकडे बोट दाखवायचो, तेव्हा ते पुढे जायचे. रस्त्यात कोणाची चाकं रुतलेली दिसली तर मदत करायच्या आधी विचारायचे, "अडवलं कोणी?" चिखलात उभ्या माणसाला असा प्रश्न विचारल्यावर जे ऐकायला मिळतं ते त्यांनी पुष्कळ ऐकलं. त्यांना राग यायचा नाही. शिव्यासुद्धा ते उत्तर तपासल्यासारख्या ऐकत.

एकदा ते गोठ्याच्या छपरावर चढले. एका हातात कापसाचं फुटलेलं बोंड, एका हातात खडा. दोन्ही सोडले. खडा आधी आला, कापूस डुलत डुलत मागून. मग खाली उतरून तोच कापूस मुठीत दाबून त्याची घट्ट गोळी केली, पुन्हा चढले, पुन्हा सोडली. गोळी खड्याच्या बरोबरीने आली.

"कापूस तोच. कमी केला नाही, वाढवला नाही. मंग आता लवकर काहून आला?"

वेचणीला जाणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. एक म्हणाली, "मास्तर, वरून तुम्ही पडसान तं कोण आधी येईन, तुम्ही का तुमचं धोतर?"

मास्तर विचारात पडले. खरंच विचारात पडले. "धोतर सुटलं असन तं मी," ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी त्यांनी तांड्यावरच्या एका बंजाऱ्याची बंडी थांबवली. गुळाच्या भेल्या उतरवून तो परत चालला होता. मास्तरांनी आम्हाला बंडीत उभं केलं, काही धरायचं नाही असं बजावलं आणि त्याला सांगितलं, बैल पळव आणि मी ओरडलो की एकदम थांब. तो बिचारा थांबला. आम्ही सगळे पुढे, एकावर एक. एका पोराचा दात गेला. तो हलतच होता.

"बंडी थांबली. तुम्ही काहून नाही थांबले?" मास्तर चाकाजवळ उभे राहून विचारत होते. अर्धी पोरं रडत होती.

मी ढिगाच्या मध्ये होते. मी म्हटलं, "बंडीले बैलानं थांबवलं. आम्हाले कोणी थांबवलंच नाही."

मास्तरांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी बंडीवाल्याला सांगितलं, "ही बरोबर बोलली. बाकीच्यायले समजलं नाही. पुन्हा पळव."

"मास्तर," तो म्हणाला, "मी तं तुमचं आयकीन. पण हे बैल मले शिव्या देऊन राह्यले."

पण मास्तरांच्या वर्गात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे "रिकामं" म्हणणं. गडवा रिकामा आहे, खोली रिकामी आहे असं कोणी म्हटलं की त्याला उठवायचं, बैलांच्या पाण्याच्या टाक्यापाशी न्यायचं. गडवा पालथा धरून सरळ पाण्यात दाबायचा. पाणी आत शिरत नाही.

"आत कोण बसलं?"

"हवा, मास्तर."

"मंग रिकामा कसा?"

हे मी घरी बाला सांगितलं. माझा बाप उंच, हाडकुळा माणूस होता. बोलायचा कमी, पण बोलला की घर हसायचं. तो म्हणाला, "म्हंजे पोट रिकामं आहे असं म्हणाचंच नाही? चला, आज भाकर वाचली." माय म्हणाली, "त्या मास्तरलेच उपाशी ठेवा एक दिवस, मंग इचारा." दुसऱ्या दिवशी मी ते मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुह्या बापाचं डोकं चालते."

मग लिंबांचा प्रकार झाला. मास्तरांनी गडव्यात खायचा सोडा टाकला आणि वरून लिंबं पिळली. फसफस झाली, निवली. एका ताटलीत त्यांनी पणती लावून ठेवली. मग गडवा पणतीवर हळूहळू कलता केला, एवढाच की तळचं पाणी काठापर्यंत येऊ नये. गडव्यातून काही पडताना दिसलं नाही. थेंब नाही, धूर नाही. आणि पणती विझली.

त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा विझवली.

"ही बी हवाच. पण आपली नाही. ही जड आहे. पाण्यासारखी खाली बसते, पाण्यासारखी ओतता येते. दिसत नाही एवढंच. हिच्यात दिवा जगत नाही. आणि जिथं दिवा जगत नाही तिथं तुम्ही जगत नाही. काय म्हटलं मी?"

आम्ही घोकून घोकून म्हटलं. गावात बाया म्हणाल्या, मास्तर चेटूक करते, काही न ओतता दिवा विझवते. दिवाणजीच्या बायकोने पोरीला दोन दिवस शाळेत पाठवलं नाही.

आता पेवाचं सांगते.

मालकाच्या घरी लग्न होतं. उन्हाळ्याचे दिवस. जुनी ज्वारी काढायची होती. पेव उघडायची रीत सगळ्यांना माहीत होती: तोंडावरची फरशी काढायची, नारळ फोडायचा आणि रात्रभर पेव उघडं ठेवायचं. सकाळी माणूस उतरवायचा. ती रीत चुकीची नव्हती. त्यांनी ती पाळलीही. सकाळी बा उतरला. खालून तो टोपलं भरायचा, वरून दादा आणि इतर दोराने ओढायचे. अर्धी सकाळ असंच चाललं. ज्वारीची पातळी खाली खाली गेली आणि तिच्याबरोबर बा सुद्धा.

दुपारी सगळे कडुलिंबाखाली भाकरी खायला बसले. खाऊन आडवे झाले. रात्रभर उघडं ठेवायची रीत होती, जेवणानंतर थांबायची नव्हती. सकाळी ज्यात काम केलं त्याच पेवात पुन्हा उतरायला कोण घाबरेल? दिवाणजी म्हणाले, "वरचं रिकामं झालं आता, उतर खाली." बा भिंतीतल्या खाचांमध्ये पाय देत उतरला. टोपलं सोडलं. थोडं भरलं असेल. मग तो खाली बसला, असं दादा सांगतो. पडला नाही, बसला. जसं दमून बसावं तसं. मग आडवा झाला.

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती कोणाच्या कधी डोक्यातच आली नव्हती. दोर टोपल्याला बांधलेला होता. माणसाला नाही. टोपलं वर यायला हवं म्हणून दोर. माणूस आपला आपण यायचा. लोकांनी घाबरून दोर ओढला आणि टोपलं वर आलं. अर्धं भरलेलं.

आरडाओरडा गोठ्यात ऐकू आला. मास्तर हातातला खडू न टाकता धावले. त्यांनी एकदाच आत वाकून पाहिलं, आणि दादा उतरतो आहे हे दिसताच त्याच्यावर झडप घातली. तिथून पुढचं मी सुरुवातीला सांगितलं.

माय शेतातून आली तेव्हा तिने हेच पाहिलं. नवरा खाली, आणि त्याला काढायला निघालेल्या पोराला मास्तरांनी जखडलेलं.

"माह्या पोराले सोड रे मेल्या! माहा नवरा चालला तुह्यापायी!" तिने मास्तरांच्या पाठीवर चप्पल हाणली.

मास्तर तिच्याकडे वळले नाहीत. त्यांनी मला पाहिलं. "पोरी, कंदील. पेटवून आण. दोर बांधून सोड."

मी गोठ्यातला कंदील पेटवून आणला. टोपल्याचा दोर सोडून कंदिलाला बांधला, पेवात सोडला. माझ्या उंचीएवढाही खाली गेला नसेल, तर ज्योत मिणमिणली आणि गेली. वर घेतला, पेटवला, सोडला. त्याच जागी गेली. जसं कोणी तिथे बसून फुंकर मारत होतं.

दादाने ते पाहिलं. मास्तरांनी हात सोडले तरी तो जागचा हलला नाही.

मग मास्तर ओरडायला लागले. कडुलिंबाच्या फांद्या तोडा, दोराला बांधा, ताक घुसळल्यासारख्या वरखाली करा. बादल्या आणा. आत सोडा, वर ओढा, उताराकडे नेऊन ओता. लोकांनी केलं. भीतीने माणूस काहीही करतो. मोठमोठी माणसं बादल्या खाली सोडत होती, वर ओढत होती आणि उतारावर नेऊन पालथ्या करत होती. बादलीत काही नाही, ओतताना काही पडत नाही. दिवाणजी म्हणाले, "काय उपसून राह्यले मास्तर? रिकाम्याच तं आहेत!"

"रिकामं म्हणू नका!" मास्तर किंचाळले. नाकातून रक्त दाढीवर आलं होतं. "रिकामं म्हटलं म्हणूनच तो मेला!"

तेव्हा आम्हाला कळलं की मास्तरांनी बाची आशा सोडली आहे. माय खाली बसली.

पुष्कळ वेळाने कंदील तळापर्यंत पेटता राहिला. मग मास्तरांनी स्वतः दादाच्या कंबरेला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि म्हणाले, "कंदील पुढं धर. तो गेला का वर ये. बापाले सोडून ये, पण वर ये." दादा उतरला. दुसरा दोर बाच्या काखेखाली बांधला. दोघंही वर आले. बाच्या ओठांना ज्वारीचे दाणे चिकटले होते. तो कधीच गेला होता.

तिसऱ्या दिवशी मास्तर आमच्या घरी आले. लोक येतात तसे येऊन बसले नाहीत. हातात गडवा, खिशात लिंबं, कागदाच्या पुडीत सोडा. नाक सुजलेलं. आमच्या वस्तीतली माणसं बघतच राहिली. एक म्हातारा म्हणाला, "अहो मास्तर, घरात मयत झाली आहे, पोरायचे खेळ कायले आणले?" मास्तर म्हणाले, "मले दुसरं काही येत नाही."

ते मायसमोर बसले. पणती लावली, लिंबं पिळली, फसफस निवू दिली. मग गडवा कलता केला. पणती विझली. त्यांनी सांगितलं की ज्वारीतून ही हवा निघते. सकाळी टोपलं वरखाली होत होतं, तोवर आतली हवा ढवळली जात होती. माणसं जेवायला बसली तेव्हा ढवळणं थांबलं आणि ही हवा खाली साचली, पाणी साचावं तशी. बाला ती दिसली नाही. दादालाही दिसली नसती.

मायने पणती पुन्हा त्यांच्याकडे सरकवली.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा केलं.

"म्हंजे तुम्ही याले धरलं नसतं," तिने दादाकडे बोट केलं, "तं हा बी..."

"हाओ."

असं बोलायला दुसऱ्या कोणाची जीभ रेटली नसती. मास्तरांची रेटली. माय उठली, चूल पेटवली आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. गुळाचा, बिनदुधाचा. आमच्या घरी बाहेरचं कोणी चहा पीत नसे. मास्तरांनी तो सगळा प्यायला, कपात पाहिलं आणि निघून गेले. मायने त्यांची माफी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. दोघांनाही त्याची गरज वाटली नसावी.

दादा मात्र मास्तर बसले तोवरच उठून बाहेर गेला होता.

त्यानंतर गावात पेव उघडलं की आधी दोर माणसाला बांधायचे, मग टोपल्याला. आणि कंदील सोडायचे, सकाळीही आणि जेवणानंतरही. मालकाने हुकूम काढला नव्हता. लोकच तसं करू लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, मास्तरची रीत आहे. मास्तरांना ते ऐकून राग यायचा. "रीत म्हणू नका. काहून ते सांगा," असं म्हणत ते त्या माणसाच्या मागे लागायचे आणि तो पळायचा.

मी चौथी झाले आणि शाळा सुटली. मास्तरांची बदली फुलसावंगीकडे झाली. पेटी, वळकटी आणि गडवा घेऊन गेले. निरोपाला मालकाच्या माणसांनी हार आणला, तो त्यांनी हातात घेऊन तोलून पाहिला. तिकडेच ते वारले असं पुष्कळ वर्षांनी कळलं. कशाने, ते कळलं नाही.

दादा मोठा झाल्यावर वणीकडे कोळशाच्या खाणीत लागला. जमिनीखाली वाईट हवा कशी असते, हे त्याला तिथे साहेबांनी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. नोकरी पूर्ण करून तो घरी आला. आता ऐकू कमी येतं, गुडघे गेले, बाकी धड आहे. बाचा विषय निघाला की तो अजूनही तेच म्हणतो. मास्तरने मला धरलं नसतं तर मी बाला वर आणला असता.

पूर्वी मी भांडायचे. त्याला कंदिलाची आठवण द्यायचे. आता भांडत नाही. तो ओसरीवर बसून हे म्हणतो, नातू त्याला पाणी आणून देतो, तो पितो आणि पुन्हा म्हणतो.

बा पेवात गेला. दादा जिवंत आहे.